रेशनकार्डाची झेरॉक्स

या अंकासाठी काहीतरी हलकंफुलकं लिहून देईन, असं मी संपादकांना उन्हाळ्यात कबूल केलं होतं. तेव्हा माझी पत्नी कुमुद हयात होती. मी फोन ठेवल्यावर विषयही तिनेच सुचवला. "तुमची ती झेरॉक्सची गोष्ट लिहा," ती म्हणाली. "लोक हसतील."

कुमुद श्रावणात गेली. त्यानंतर काही दिवसांनी मला एक गोष्ट कळली, आणि तेव्हा मी आतून जो थांबलो तो अजून पुरता सुरू झालेलो नाही. लिहायला बसतो, एखादा परिच्छेद होतो, मग उठून गॅलरीत जाऊन उभा राहतो. पण कबूल केलेलं आहे आणि विषय तिने दिलेला आहे, म्हणून तोच घेतो. हसू येईल की नाही, ते मला आता सांगता येत नाही.

मी नाशिकमधल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात समाजसेवक होतो. समाजसेवक म्हटलं की लोकांना हार, सत्कार आणि निवडणूक आठवते. हे तसलं नव्हे. मोठ्या रुग्णालयात पगारी समाजसेवक असतो. सरकारी योजनेचे कागद जमवणं, घरच्यांची समजूत घालणं, ज्यांचं कोणी नाही त्यांचं बघणं, ही त्याची कामं. त्यात मी आणखी एक काम स्वतःहून ओढवून घेतलं. ऑपरेशनच्या आधी रुग्णाशी बोलायचं.

ऑपरेशनआधी सही घेतात त्या संमतीच्या कागदाबद्दल बहुतेकांची समजूत अशी की डॉक्टरांनी स्वतःला वाचवण्यासाठी तो तयार केला आहे, आणि घरातल्या कोणा जाणत्याने सही ठोकली की काम झालं. कायदा असं म्हणत नाही. रुग्ण सज्ञान असेल, शुद्धीवर असेल, भानावर असेल, तर त्याच्या अंगाला हात लावण्याआधी त्याचा स्वतःचा होकार लागतो. आणि तो होकार सगळं कळल्यावर दिलेला लागतो. काय झालंय, काय करणार, त्याने काय साधेल, काय बिघडू शकेल, दुसरा उपाय आहे का, काहीच केलं नाही तर काय होईल, हे त्याला समजेल अशा भाषेत डॉक्टरांनीच सांगायचं. एका ऑपरेशनला दिलेला होकार दुसऱ्याला चालत नाही. रुग्ण लहान असेल, बेशुद्ध असेल किंवा भानावर नसेल, तरच घरच्यांची सही कामाची. जीव जायची वेळ असेल तर डॉक्टरने कागदासाठी थांबू नये. आणि ज्याला हो म्हणता येतं त्याला नाहीही म्हणता येतं. त्याने काय ठरवलं हे बाहेर कोणाला सांगायचं तेही त्यानेच ठरवायचं, मग बाहेर बसलेला माणूस त्याचा कितीही जवळचा असो.

नोकरीला लागलो तेव्हा यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मी साहित्याचा विद्यार्थी, नंतर समाजकार्याची पदवी घेतलेला. मला हे शिकवलं लासलगावकडच्या एका म्हाताऱ्याने.

त्यांना सगळे आबा म्हणत. कांदा मार्केटात ते मापारी होते, म्हणजे कांदा मोजून देणारे. साखरेच्या आजाराने पाय काळा पडला होता. गुडघ्याखालून कापावा लागणार, हे डॉक्टरांनी मुलांना सांगितलं. मुलं, भाऊ, जावई सगळे गोळा झाले आणि त्यांचं एकच म्हणणं पडलं, आबांना सांगू नका, ते खचतील. डॉक्टरांनाही ते बरं वाटलं. कागदावर इतक्या जणांनी सह्या केल्या की शेवटच्याने समासात केली. आबांना सांगितलं, जखम धुवायला नेतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेलो तेव्हा ते जागे झाले होते. चादर त्यांनी स्वतःच बाजूला केली होती. ते ओरडले नाहीत. हातात कागद असलेला पहिला माणूस मी दिसलो, म्हणून मलाच विचारलं.

"साहेब, माझा पाय कुठं ठिवला?"

मुलांनी तो आदल्या संध्याकाळीच नेऊन रीतसर पुरला होता. मी ते सांगितलं.

"सह्या केल्या आसतील ना कागदावं?"

"हो."

"समद्यांनी?"

"हो, आबा."

"मंग माझी कामून नाय घेतली? मी तर हितंच व्हतो."

थोरला मुलगा खिडकीशी उभा होता. त्याने तोंड फिरवलं. आबा त्याच्याकडे बघून म्हणाले, "आरं, सडल्याला पाय ठिवून काय करायचं व्हतं? इचारलं आसतं तर मी बी हो म्हनलो आसतो. पन इचारायचं व्हतं."

त्या सकाळी बसलेला धक्का मला पुढे नोकरीभर पुरला.

मग मी ऑपरेशनआधी रुग्णाजवळ बसायला लागलो. डॉक्टर सांगून गेले की मी रुग्णाला म्हणायचो, आता तुम्ही मला सांगा, उद्या काय होणार आहे? डॉक्टरांनी काय सांगितलं ते नको, तुम्हाला काय कळलं ते सांगा. पित्ताशयात खडे असलेला माणूस म्हणायचा, किडनीतला मोतीबिंदू काढणारेत. काही डॉक्टर माझ्यावर वैतागायचे. देवरे नावाचे एक शिकाऊ डॉक्टर होते, सटाण्याकडचे, बोलायला भरभर. त्यांना मी एकदा रुग्णाच्या खाटेकडे परत पाठवलं होतं. "सगळं समजावलंय," ते म्हणाले. मी म्हणालो, "डॉक्टर, तुम्ही समजावलंत. आता पेशंट तुम्हाला समजावतो का बघा." तोंड पाडून परत गेले, पण गेले. पुढे माझ्याआधीच ते रुग्णाकडून सगळं वदवून घ्यायला लागले.

बायकांच्या बाबतीत अडचण वेगळीच होती. बाई बोलायचीच नाही, कारण शेजारी नवरा असायचा.

सिन्नरकडची मंदा मला आठवते. मेथी-कोथिंबिरीचा मळा, दोघंही कष्टाने रापलेली. तिची गर्भपिशवी काढायची म्हणून आले होते. नवऱ्याचं नाव भाऊसाहेब.

"काय त्रास होतो, ताई?" मी विचारलं.

"तिला अंगावर जातंय लय," भाऊसाहेब म्हणाला.

"पोटात दुखतं?"

"दुखतंय ना. रातच्याला कन्हती."

"भाऊसाहेब, मी ताईंना विचारतोय."

"मंग इचारा की. ती बी त्येच सांगनार."

मी मंदाकडे पाहिलं. मंदाने नवऱ्याकडे पाहिलं. "हे म्हनत्यात तसं," ती म्हणाली.

नवऱ्याला सरळ 'बाहेर बसा' म्हणून मी पूर्वी हात पोळून घेतले होते. अपमान झाला म्हणून एक जण बायकोला खाटेवरून उठवून घेऊन गेला होता. त्यानंतर मी युक्ती काढली. मी भाऊसाहेबाला गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "रेशनकार्डाची झेरॉक्स लागेल. पुढून, मागून. रस्त्यापलीकडे दुकान आहे. घाई करू नका, स्पष्ट आली पाहिजे."

कागद लागतो म्हटलं की आपल्याकडे माणूस वाद घालत नाही, उलट आपल्यावाचून काम अडलंय म्हणून ताठ होऊन जातो. त्या झेरॉक्सचा मला काडीचा उपयोग नसायचा.

तो गेल्यावर मंदा थोडा वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "पिशवी काढली की बाई लवकर म्हातारी व्हती का वो?"

"डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं?"

"त्या म्हनल्या, गोळ्यांनी बी थांबंल, पन धा वेळा दाखवाया यावं लागंल. ह्यांना खेपा नको. मळ्यात मानूस नाय."

"आणि तुम्हाला काय हवंय?"

ती गोंधळली. "मला कुनी इचारलं नव्हतं, म्हनून म्या इचारच नाय केला. थांबा जरा."

मी थांबलो. तिने तिथे बसून विचार केला आणि गोळ्या घ्यायचं ठरवलं. भाऊसाहेब झेरॉक्स घेऊन आला. मी ती उजेडात धरून पाहिली, पुढून, मागून. "स्पष्ट आलीय," म्हणालो आणि भोकं पाडून फाईलला लावली. तो भाग मी कधी चुकवायचो नाही.

मंदाला गोळ्यांनी आराम पडला. पुढे भाऊसाहेब त्याच्या आईला घेऊन आला, हर्नियासाठी. खुर्चीवर बसला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "साहेब, झेरॉक्स आनू का? का आज नुसता च्या पिऊन येऊ?"

मी पेन खाली ठेवलं.

"तवाच कळलं व्हतं," तो हसत म्हणाला. "दुकानवाला म्हनला, त्या साहेबानं धाडलं का? मंग बस निवांत, तुझी झेरॉक्स सावकाश काढतो."

हीच ती झेरॉक्सची गोष्ट. कुमुदला ती फार आवडायची. ती महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची आणि माझी प्रत्येक गोष्ट उदाहरणासारखी तपासून घ्यायची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मग तिने विचारलं, "तो बाहेर गेला नसता तर ती हो म्हणाली असती?"

"म्हणाली असती."

"त्याला घाबरून?"

"घाबरून नाही. तसा भला माणूस होता. त्याच्याकडे बघून."

"म्हणजे प्रेमानेसुद्धा बिघडतं."

"बिघडतं," मी म्हणालो. "कोणाकडे बघून दिलेला होकार मी होकार धरत नाही."

तेव्हा भाजी निवडता निवडता झालेलं हे बोलणं. मी ते विसरूनही गेलो होतो.

गेल्या दिवाळीपासून कुमुदचं पोट फुगत होतं. जेवण जाईना. मी तिला ओवा देत राहिलो, मग जिऱ्याचं पाणी. उभी हयात रुग्णालयात काढलेला माणूस मी. संक्रांत होऊन गेल्यावर तपासण्या झाल्या आणि अंडाशयाचा कॅन्सर निघाला. पसरलेला. आम्ही देवऱ्यांकडेच गेलो. ते आता कॅन्सरचे सर्जन आहेत, त्यांचं स्वतःचं रुग्णालय आहे. आम्हाला काका-काकू म्हणतात. त्या दिवशी मी एका कामासाठी मध्येच खाली गेलो आणि परत आलो तेव्हा त्यांचं बोलणं संपलेलं होतं. कुमुद बाहेर बाकावर बसली होती.

"ऑपरेशनचा उपयोग नाही," ती म्हणाली. "गोळ्या दिल्यात. दुखलं तर आणखी देतील. आता घरीच राहायचं."

मी आत जाऊन देवऱ्यांना विचारू शकत होतो. पण रुग्णाने स्वतःच्या तोंडाने सांगितल्यावर त्याच्या पाठीमागे चौकशा करायच्या नाहीत, हे मीच सगळ्यांना बजावत आलो होतो. आणि खरं म्हणजे मला भीती वाटत होती की ते म्हणतील, उशीर केलात.

त्यानंतरचे महिने आम्ही घरी होतो. आम्हाला मूलबाळ नाही. सकाळी मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायचो, दुपारी पुस्तक. दुखणं वाढलं तशा देवऱ्यांनी गोळ्या वाढवल्या. तिचे फार हाल झाले नाहीत. पण ओव्याचा वास आला की मला स्वयंपाकघरात उभं राहवत नसे. मी तो डबाच उचलून माळ्यावर टाकला.

ती गेल्यावर, दिवस झाल्यानंतर देवरे घरी भेटायला आले. मी चहा केला. मग मी तो प्रश्न विचारला, जो घेऊन मी एवढे महिने वावरत होतो.

"डॉक्टर, खरं सांगा. मी ओवा देत बसलो नसतो, आम्ही दोन महिने आधी आलो असतो, तर ऑपरेशन झालं असतं का?"

देवऱ्यांनी कप खाली ठेवला. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "काका, तुम्ही हे विचाराल असं काकूंनी मला सांगून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, उशीर झाला का असं त्यांनी विचारलं तर खरं ते सांगा. नाही विचारलं तर काहीच बोलू नका."

"काय खरं?"

"ऑपरेशन तुम्ही आलात तेव्हाही होण्यासारखं होतं. मी सुचवलं होतं. ऑपरेशन, मग केमो. पूर्ण बरं होण्याची आशा थोडी होती, पण वेळ मिळाला असता. कदाचित बराच. काकू नाही म्हणाल्या."

मी काय केलं ते सांगतो, कारण त्याचं मला अजून आश्चर्य वाटतं. मी रडलो नाही. मी त्यांची उलटतपासणी सुरू केली.

"तिला सगळे उपाय सांगितले होते?"

"हो."

"काहीच केलं नाही तर काय होईल, ते?"

"हो, काका. स्पष्ट."

"वेळ दिला होता विचार करायला?"

"आठवडा दिला. त्यांनी फोन करून पुन्हा नाहीच सांगितलं. मग नंतर येऊन नकाराची सही केली, सिस्टर साक्षीला होत्या. तुम्ही त्या दिवशी गाडी लावायला जागा शोधत होतात."

"वदवून घेतलं तिच्याकडून?"

"तुम्ही शिकवलं तसं."

मला कुठेतरी चूक सापडायला हवी होती. एक शब्द गाळलेला, एक धोका न सांगितलेला. तर मला म्हणता आलं असतं की तिला कळलंच नव्हतं, हा नकार खरा नव्हे. चूक नव्हती. माझ्या आयुष्यात इतकं नीट पार पडलेलं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

"तिच्या शब्दांत सांगा," मी म्हणालो.

देवरे सावकाश बोलले. "म्हणाल्या, 'तुम्ही माझं पोट उघडणार, जमेल तेवढं काढणार, राहील त्यावर औषधं सोडणार. मी कितीतरी महिने उलट्या करणार आणि त्यातून वर्ष-दोन वर्षं मिळतीलही, नाहीही. मला नको. ह्यांच्या शर्टाला रोज संध्याकाळी दवाखान्याचा वास यायचा. तो मला तेवढा पुरे झाला. मला घरात राहायचंय.' मी म्हणालो, काकांशी बोलून ठरवा. तर म्हणाल्या, 'हे समोर असले तर मी हो म्हणेन. ह्यांच्याकडे बघून. आणि तसल्या होकाराला तुमचे काका होकार धरत नाहीत.'"

बाहेर भंगारवाला ओरडत गेला.

"पण मी तर तिथेच होतो," मी म्हणालो. ते वाक्य तोंडातून निघालं आणि मला लासलगावचे आबा आठवले. पण पाय आबांचा होता. इथे शरीर तिचं होतं.

"तुम्ही झेरॉक्स काढायला गेला होतात ना, तेव्हा झालं हे बोलणं," देवरे म्हणाले.

"आधार कार्डाची. तुम्हाला लागणार होती म्हणून."

देवऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी नव्हती मागितली, काका."

ते कधी गेले, दार कोणी लावलं, मला आठवत नाही. अजूनही दिवसातून एकदा तरी हे नव्याने कळल्यासारखं होतं. तिला माझी परवानगी लागत नव्हती. हे मी गावोगावच्या नवऱ्यांना पटवलं आहे, काहींना तर हात जोडून. ओव्याचा डबा मी माळ्यावरून काढून जागेवर ठेवला. उशीर केल्याचं तेवढं ओझं माझ्यावरून उतरवायची सोय तिने करून ठेवली होती, मी विचारलं तरच. पण आणखी एक वर्ष मिळालं असतं, असं मनात येतं आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. ते वर्ष मी कोणासाठी मागतोय, हे मला नीट ठाऊक आहे.

भाऊसाहेबाला निदान दुकानवाल्याने सांगितलं होतं. मला कोणी सांगितलं नाही. त्या दिवशी देवऱ्यांच्या केबिनमध्ये कुमुदने पर्स उघडली, आधार कार्ड काढलं आणि मला म्हणाली, "अहो, याची झेरॉक्स लागेल. पुढून, मागून काढून आणता?" आणि मी उठलो. मला बरंच वाटलं उठायला. त्या खोलीत करण्यासारखं एक काम मिळालं होतं. जिना उतरून, रस्ता ओलांडून गेलो. दुकानात गर्दी होती. रांगेत शहाण्यासारखा उभा राहिलो.

परत आलो तेव्हा ती बाकावर होती. मी कागद तिच्या हातात दिला. तिने तो खिडकीकडे करून उजेडात धरला, पुढून पाहिला, मागून पाहिला.

"स्पष्ट आलीय," ती म्हणाली आणि घडी घालून पर्समध्ये ठेवली.

"पहिली फिकट आली होती," मी म्हणालो. "मी परत काढायला लावली. म्हणून वेळ लागला."

"बरं केलंत," कुमुद म्हणाली.